फलालीनचं अस्तर

११ मार्च, मंगळवार

चि. ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील अशी भीती वाटली, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मास्तरीणबाईंच्या हातून लिहून घेतला. ही लबाडी झाली. आधीच कबूल करून टाकतो.

माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण मशीन अजून चालवतो. कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाची चेन बदल, असं चाललेलं असतं. दादाचंही बरं आहे. त्याला सध्या मोठ्या दवाखान्यात ठेवलंय. उजव्या हाताला जरा लागलंय, काळजी करण्यासारखं काही नाही.

वरची ओळ लिहून उठलो, चहा केला, प्यालो, आणि परत येऊन वाचली तर माझी मलाच लाज वाटली. जरा नाही लागलेलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मतिमंदांच्या त्या केंद्रात त्याला भेटायला गेलो तेव्हा नेहमीसारखं बिस्किट पुढे केलं. त्याने हात उचलला, कोपरापर्यंत हात आला, पण पंजा आलाच नाही. मनगटापासून खाली लोंबत राहिला, रिकाम्या बाहीसारखा. बिस्किट पडलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते पाडलं. केंद्रातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, झोपेत हात अंगाखाली आला असेल, होईल ठीक. मी हो म्हणालो आणि घरी आलो. पुढच्या रविवारीही पंजा तसाच. तेव्हा मात्र गाडी करून त्याला दवाखान्यात नेलं.

आणि ताई, मी तक्रार केली आहे. दोन वर्षांपूर्वी तू केली होतीस तशी, लेखी. मुद्दाम हे सांगायला लिहितोय.

तुझ्या त्या तक्रारीची एक प्रत तुझ्यापाशी असेल. तक्रार कचेरीतल्या बाईंना ती हवी आहे. केंद्रवाले म्हणतात त्यांची प्रत सापडत नाही. ‘मुलीचा गैरसमज झाला होता, आमची काहीही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या ज्या कागदावर मी सही केली, तो मात्र त्यांना लगेच सापडला. त्या सहीनंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस. ते बरोबर की चूक, यावर मी आता वाद घालत नाही.

गोष्ट अशी आहे की तक्रार सिद्ध झाली नाही, तर हाताचे व्यायाम संपले की दादाला परत त्याच केंद्रात, त्याच खाटेवर जावं लागणार. दुसरीकडे कुठे जागा नाही. आणि आता तिथे सगळ्यांना ठाऊक आहे की त्याच्या बापाने तक्रार केली आहे. माझा जीव त्यात अडकला आहे. प्रत तेवढी पाठव. सोबत काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

वडिलांचे आशीर्वाद. घेणं न घेणं तुझ्याकडे.

बाबा


२० मार्च, गुरुवार

चि. ताई,

अजून तुझं काही आलं नाही. टपालाचं हल्ली काही खरं नसतं.

गेल्या पत्रात मी तक्रार केली असं लिहिलं, ते पुरतं खरं नव्हतं. तक्रार दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी केली. माझी फक्त सही आहे. बाई अगदी तरुण, तुझ्यापेक्षा लहान, केस कसेतरी बांधलेले, पण दादाचा हात तिने असा धरला की तो ओरडला नाही. खांद्यापासून खाली बोटाने चाचपत आली आणि दंडाच्या मागे थांबली. म्हणाली, इथे हाडाला वेढा घालून शीर जाते, पंजा वर उचलणारी. ती रोज तासन्‌तास दाबली गेली तर पंजा पडतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून दारूच्या नशेत झोपणाऱ्या माणसांचा असा पडतो म्हणे. मी म्हणालो, आमचा हा दारू पीत नाही. ती हसली नाही.

मग तिने विचारलं, “याला कुणी दंडाला बांधत होतं का?”

मी म्हणालो, “नाही.”

तिने दादाकडे बघितलं, मग पुन्हा मला तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. तरी तिने कागद वर पाठवला.

नाही का म्हणालास, असं तू विचारशील. तुझी आई गेल्यापासून पाच वर्षं मी त्या केंद्रात नाहीच म्हणत आलोय. काही अडचण आहे का? नाही. काही सांगायचंय का? नाही. हो म्हटलं तर पुढचं वाक्य काय येणार हे माहीत असायचं: मग घेऊन जा घरी.

परवा तक्रार कचेरीतल्या बाई वॉर्डात आल्या. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीचा एक बंद उसवलेला होता, माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. त्यांनी एक फॉर्म काढला. मी चौथी शिकलेलो, फॉर्म बघितला की घाम फुटतो. त्या म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही बोला, मी लिहिते, मग वाचून दाखवते. नाही पटलं तर खोडायचं.” एका रकान्यात होतं, रुग्णाने स्वतः काय सांगितलं. मी म्हणालो, हा बोलत नाही, तिथे रेघ मारा. त्यांनी मारली नाही. खुर्ची ओढून दादाशेजारी बसल्या आणि त्याला विचारायला लागल्या, दुखतं का, कुठे दुखतं, तिथे आवडायचं का. पाऊण तास. दादाने त्यांचा चष्मा ओढला, परत दिला, परत ओढला. मग त्यांनी स्वतःचा दंड आपल्या हाताने आवळून दाखवला आणि विचारलं, असं करायचे? दादा एकदम गप्प झाला आणि भिंतीकडे वळला. त्यांनी त्या रकान्यात तेवढंच लिहिलं: ‘गप्प झाला व भिंतीकडे वळला.’

एकेचाळीस वर्षांत त्याला कुणी काही विचारलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तुझी आई विचारायची, पण ती उत्तरही स्वतःच द्यायची. तू विचारायचीस. स्वतःला मी धरत नाही.

जाताना त्यांनी मला रुग्णाच्या हक्कांचा छापील कागद दिला. म्हणाल्या, हा केंद्रातही लावलेला असायला हवा. मी म्हणालो, लावलाय की. खरंच लावलाय, पुढच्या दाराच्या मागे. दार दिवसभर उघडं असतं, त्यामुळे पाच वर्षांत मला त्याची फक्त खालची कडा दिसली.

बाबा


२ एप्रिल, बुधवार

चि. ताई,

पाकीट मिळालं. मी ते उलटं करून झटकलं, मग उजेडात धरलं, न जाणो आत एखादी चिठ्ठी चिकटून राहिली असेल. नव्हती. प्रत पाठवलीस हेच पुष्कळ झालं.

दोनदा वाचली. ‘माझ्या भावाच्या दोन्ही दंडांवर बोटभर रुंद लाल वळ आहेत. विचारले असता, खुर्चीतून उठू नये म्हणून बँडेजच्या पट्टीने बांधतो, असे सांगण्यात आले.’ तू हे मला तेव्हा वाचून दाखवलं होतंस. मी म्हणालो होतो, अगं त्यांचीही माणसं कमी आहेत, बावीस जणांमागे दोन मावश्या, त्या तरी काय करतील. तू म्हणालीस, “बाबा, तुम्ही कुणाचे वडील आहात? मावश्यांचे?” त्यावर मी तुला उलट बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुझ्या लक्षात असेलच.

प्रत कचेरीतल्या बाईंना नेऊन दिली. त्यांनी केंद्राचं लेखी उत्तर वाचून दाखवलं. हात झोपेत दाबला गेला असावा. मुलीची जुनी तक्रार वडिलांनीच मागे घेतलेली आहे. आणि शेवटी हे, मी त्यांच्याकडून कागदावर उतरवून आणलंय: ‘आमच्या संस्थेत कोणालाही बांधून ठेवले जात नाही. बांधण्याचे कोणतेही साहित्य संस्थेत नाही व कधीही नव्हते.’

बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही दर रविवारी जात होता. काही पाहिलंत का?”

मी म्हणालो, आठवून सांगतो. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बावीस तारखेला सुनावणी आहे, केंद्राच्या मोठ्या बाई येतील, तुम्हीही या, सोबत कुणाला आणायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे. मी म्हणालो, सोबत कुणी नाही.

साहित्य नाही व कधीही नव्हते. हे वाक्य डोक्यातून जात नाही. आज एका पँटला उलटी चेन लावली.

बाबा


९ एप्रिल, बुधवार

चि. ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही. चुकलं तर चुकीसकट टाकीन पेटीत.

तू तक्रार देऊन परत गेलीस त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, संपलं, दादाचं सामान बांधून ठेवलं असणार. पण त्यांनी चहा मागवला. बशीत बिस्किटं. इतकी वर्षं मी त्या केंद्रात जात होतो, पण खुर्चीवर बसा असं मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमची मुलगी शिकलेली आहे, तिला कायदा कळतो, पण या खाटेसाठी मागे तीस माणसं उभी आहेत हे तिला कळत नाही. मग तो कागद आला. मी सही केली. एवढं तुला ठाऊक आहे.

पुढचं ठाऊक नाही.

सही झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही शिवणकाम करता ना? मुलीचं एक म्हणणं मला पटलं बघा. ती बँडेजची पट्टी काचते. काहीतरी मऊ हवं. तुम्ही बापाच्या मायेने शिवाल तसं बाजारात मिळणार नाही.”

ताई, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, बघ, लेकीने आदळआपट केली आणि मी गोडीने काम करून घेतलं. वळ उठतात ही तुझी तक्रार होती ना, मी वळच उठणार नाहीत असं करून देतो. कौतुकसुद्धा वाटून घेतलं मनात.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. दादाने टेप बघितला आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहिला, लहानपणापासून राहतो तसा. त्याला वाटलं शर्ट होणार. मी दंडाचं माप घेतलं, सव्वाबारा इंच. तो हसत होता. गळ्याचं माप घ्यायचं राहिलं म्हणून त्याने मान वर करून धरली. मी त्याचं मन राखायला गळाही मोजला. आणखी कुणासाठी लागतील म्हणून बाई जसजशा सांगत गेल्या तसतशी मी बाकीच्यांचीही मापं घेतली.

चार इंच रुंद पट्टे केले. बोटभर पट्टी काचते, रुंद पट्टी काचत नाही, हे मला दप्तरांवरून माहीत. बाहेरून जाड कॅनव्हास, आतून मऊ फलालीनचं दुहेरी अस्तर, कडा आत दुमडलेल्या, म्हणजे शिवण कातडीला लागू नये. टोकाला लांब बंद, आणि बंद जिथे जोडला तिथे माझी नेहमीची चौकोन टाकून आत फुली मारलेली टीप. उमेदीत शाळेच्या दप्तरांना मारायचो तीच. ती कितीही हिसका दिला तरी उसवत नाही. बारा जोड शिवले. सगळे खाली ठेवून हाताने दाबून बघितले. मास्तरीणबाईंनाही दाखवले. त्या म्हणाल्या, सुंदर झालेत, कशाला आहेत? मी म्हणालो, पेशंटच्या आधाराला.

त्यानंतर दोन वर्षं दादाच्या अंगावर एक वळ नव्हता. दर रविवारी मी बाही वर करून बघायचो आणि माझं समाधान व्हायचं.

डॉक्टरीणबाईंनी परवा नीट समजावलं. मी आडून विचारलं होतं की मऊ पट्ट्याने असं होईल का. त्या म्हणाल्या, मऊ पट्टाच जास्त वाईट. काचणारी पट्टी असती तर कातडी लाल झाली असती, माणूस ओरडला असता, कुणीतरी सैल केली असती. मऊ पट्टा आवळला तरी कळत नाही. तो सकाळी बांधला की संध्याकाळी सोडला तरी चालतो. वर काही दिसत नाही, आत शीर मरत राहते.

मी ऐकून बाहेर आलो आणि वॉर्डाच्या बाकावर बसलो. दादा आत डाव्या हाताने पाणी प्यायचं शिकत होता. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि तिथली बाई त्याला शाबास शाबास म्हणत होती.

‘बांधण्याचे कोणतेही साहित्य संस्थेत नाही व कधीही नव्हते.’ ते होतं हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही. बावीस तारखेला मी तोंड उघडलं तर दादाला परत तिथे जावं लागणार नाही. पण मग कागदावर राहील की ते मी शिवले. उघडलं नाही तर कुणालाही काही कळणार नाही, तुलासुद्धा. म्हणून आधी तुला लिहिलं. आता मला मागे फिरता येणार नाही.

मनात शंभरदा घोकतोय की तिथे सांगावं, पट्टे मी शिवले पण कशासाठी ते मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यावर विश्वास ठेवतील. हे तुला पटेल का?

बाबा


२३ एप्रिल, बुधवार

चि. ताई,

काल झाली सुनावणी. जसं घडलं तसं सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, एकीकडे तक्रार कचेरीतल्या बाई आणि त्यांचे एक टक्कल पडलेले साहेब, समोर केंद्राच्या मोठ्या बाई आणि त्यांचा वकील. माझी खुर्ची टेबलाच्या टोकाला होती. जिने चढून माझा श्वास लागला होता. मोठ्या बाईंनीच माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्या माझ्याशी कधीच वाईट वागलेल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

आदल्या आठवड्यात कचेरीतल्या बाई न कळवता केंद्रात जाऊन आल्या होत्या. चादरींच्या कपाटात, तळाच्या फळीवर त्यांना अकरा जोड सापडले. त्यांनी पिशवीतून ते काढून टेबलावर ठेवले. धुऊन धुऊन कॅनव्हास पांढरा पडला होता. एक टीपही उसवलेली नव्हती.

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “हे पडद्यांचे बंद आहेत.”

वकीलही म्हणाला, पडद्यांचे बंद, सगळ्याच संस्थांत असतात. साहेबांनी लिहून घेतलं. मला वाटलं आता सोपं झालं. मी नुसता गप्प बसलो तरी पडद्यांचे बंद म्हणून ते कपाटात परत जातील आणि माझं नाव कुठे यायचं नाही. तेवढ्यात कचेरीतल्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, आजोबा, तुम्ही शिंपी आहात, तुम्हाला काय वाटतं?

त्यांना काही माहीत नव्हतं, ताई. मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी सहज विचारलं.

मी म्हणालो, “पडद्याचे बंद नाहीत. आत फलालीन आहे.”

“मग?”

“पडद्याला खुपत नाही.”

साहेबांनी एक पट्टा उचलून अस्तरावर अंगठा फिरवला. मग मी सगळं सांगितलं. चौकोनातली फुली दाखवली, माप सांगितलं, बारा होते, एक जोड कमी आहे तेही सांगितलं. ऐकताना मोठ्या बाईंचा चेहरा पडला नाही. त्यांना माझं वाईट वाटत असावं असं दिसलं. त्या म्हणाल्या, “काका, म्हणजे तुम्हाला माहीत होतं तुम्ही कशासाठी शिवताय. तुम्ही स्वतः माप घेतलंत.”

इथे मी घोकलेलं वाक्य होतं. जिभेवर आलंच होतं.

मी म्हणालो, “हो. माहीत होतं.”

वकील म्हणाला, हे लिहून घ्या. साहेब म्हणाले, दोन्ही लिहून घेतोय.

बाहेर आलो. कचेरीतल्या बाई जिन्यापर्यंत आल्या, माझा दंड धरून दोन पायऱ्या उतरल्या. मी म्हणालो, धरू नका, येतो मी. पट्टे त्यांनी ठेवून घेतले.

बाबा


१६ मे, शुक्रवार

चि. ताई,

निकाल आला. तक्रारीत तथ्य आढळलं आहे. केंद्राने लेखी माफी मागायची, बांधणं बंद करायचं, माणसं वाढवायची, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तुझ्या जुन्या तक्रारीबद्दलही एक परिच्छेद आहे: ती तेव्हाच चौकशीला घेतली असती तर इजा टळली असती. तो परिच्छेद तुझा आहे, म्हणून मास्तरीणबाईंकडून उतरवून सोबत पाठवतोय. माझ्याबद्दल एक ओळ आहे. ‘साहित्य पालकाने, उद्देशाची माहिती असताना, पुरवले.’ दंड नाही, शिक्षा नाही. नुसती ओळ.

केंद्राची माफीही आली. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी दादाला ती वाचून दाखवली, कारण माफी त्याच्या नावाने होती. त्याने कागद डाव्या हाताने घेऊन चुरगळला. मग मीच तो सरळ करून ठेवला.

पंजा परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि दादा परत तिथे जाणार नाही. यादीत नाव घातलंय, दुसऱ्या केंद्रात जागा निघायला वर्ष लागेल. तोवर मी त्याला घरी आणलंय. आज दहावा दिवस.

कचेरीतल्या बाई बोलता बोलता म्हणून गेल्या की तू दर आठवड्याला त्यांना फोन करतेस. म्हणजे तू पत्रं वाचतेस. मी त्यावर काही म्हणत नाही.

बाबा


७ जून, शनिवार

चि. ताई,

दादा घरी खूश आहे असं लिहिणार होतो. पहिले दोन आठवडे होताही. मशीनशेजारी बसून चाकाकडे बघत राहायचा. मग चाकात बोटं घालायला लागला. शेगडीची नळी उपटली. दोनदा दार उघडून रस्त्यावर गेला, एकदा गाडीवाल्याने करकचून ब्रेक लावला आणि मला आईवरून शिव्या दिल्या. मी चौऱ्याहत्तरचा, तो एकेचाळीसचा आणि माझ्या दीडपट. त्याला धरायला गेलो तर आम्ही दोघंही पडतो.

परवा गुरुवारी त्याच्या फिटच्या गोळ्या संपल्या. एक गोळी चुकली तरी काय होतं ते तू बघितलं आहेस. मास्तरीणबाई गावाला गेलेल्या. औषधाचं दुकान कोपऱ्यापलीकडे. मी त्याला खुर्चीत बसवलं, चादरीची चौपदरी घडी घातली आणि दंडावरून फिरवून पाठीमागे गाठ मारली. आत टॉवेल घातला. दुकानात रांग होती. पाऊण तासाने परत आलो.

मला वाटलं होतं तो ओरडत असेल, खुर्ची उलटी केली असेल. तो गप्प बसला होता. अंग सैल सोडून, मान एका बाजूला टाकून. कसं बसलं की कमी दुखतं ते त्याला पाठ होतं. मी गाठ सोडली तरी उठला नाही. पुढे काय करायला सांगतात याची वाट बघत बसला.

मी कचेरीतल्या बाईंना फोन केला. म्हणालो, आमच्या शेजारी एक म्हातारा आहे, त्याचा मुलगा असा असा आहे, तो त्याला कधी कधी बांधतो. याची तक्रार कुठे करायची? त्या म्हणाल्या, “आजोबा, घरातलं आमच्या कक्षेत येत नाही. मदतनीस पाठवतात त्यांच्याकडे नाव देते. तीन-चार महिने लागतील.” मग त्यांनी विचारलं, त्या मुलाला बघायला घरात दुसरं कुणी येतं का? मी म्हणालो, नाही.

गुरुवारचं लिहिलं. आता शुक्रवारचं लिहितो. शुक्रवारी गोळ्या आणायच्या नव्हत्या. एका पँटला चेन बसवायची होती. तासाभराचं काम.

मी वाईट माणूस नाही असं मी आयुष्यभर धरून चाललोय, आणि मोठ्या बाईही वाईट नव्हत्या. तिथे निदान तुझ्यासारखं कुणीतरी जाऊन बघू शकत होतं. इथे दार लावलं की मी आणि तो.

मला माफ कर असं म्हणायला हे पत्र नाही. तू ये. पत्र नको, फोन नको, न कळवता ये. दार नुसतं लोटलेलं असेल तर समज तो मोकळा आहे. कडी असेल तर जोरात वाजव आणि मी उघडेपर्यंत वाजवायची थांबू नकोस. आत आल्यावर आधी माझ्याशी बोलू नकोस, पाणीही घेऊ नकोस. सरळ त्याच्याकडे जा, बाह्या वर कर आणि दंड बघ. वळ नसला तरी मला विचार, आज बांधलं होतं का.

मी नाही म्हणालो तर विश्वास ठेवू नकोस.

बाबा